आधी जून, मग नोव्हेंबर: न्यू जर्सीत गव्हर्नर निवडताना

पहिलं काम म्हणजे डोक्यातला ‘राज्यपाल’ काढून टाका. माझ्या सासूबाईंना अजूनही गव्हर्नर म्हटलं की मलबार हिलवरचं राजभवन आठवतं, मंत्र्यांना शपथ देणारे आणि पदवीदानाला झगा घालून बसणारे गृहस्थ आठवतात. न्यू जर्सीचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा. फक्त तो आमदारांची डोकी मोजून खुर्चीवर बसत नाही, लोक त्याला थेट चार वर्षांसाठी निवडतात. ॲटर्नी जनरल तो नेमतो, राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सिनेटच्या संमतीने तो नेमतो, बजेटमधली एखादी रक्कम त्याला नुसती खोडता येते. सकाळी एडिसनहून न्यूयॉर्कला जाणारी तुमची गाडी ज्या एनजे ट्रान्झिटची, तेही शेवटी त्याच्याच हाताखाली. मे २०२५ मध्ये इंजिनड्रायव्हर संपावर गेले तेव्हा आमच्या गल्लीतल्या लोकांना हे नव्याने कळलं.

मी मिरजेची. एडिसनमध्ये बरीच वर्षं झाली. गेली काही वर्षं निवडणुकीच्या दिवशी मी केंद्रावर बसते, इथे आम्हाला बोर्ड वर्कर म्हणतात. दिवसाचे तीनशे डॉलर मिळतात, पहाटे सव्वापाचला हजर व्हायचं आणि रात्री नऊच्या आत सुटका नाही. टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं सारखी बसवतात, त्यामुळे कुणाला मत द्या हे मी तुम्हाला सांगणार नाही. ती सवयच गेली. पण मत वाया कसं जातं हे मात्र मी दर निवडणुकीला बघते, म्हणून हे लिहितेय. उदाहरणं २०२५ च्या निवडणुकीची घेतली आहेत, कारण ती सगळ्यांच्या ताज्या आठवणीत आहे.

आधी आपण कोण ते बघा

मत फक्त अमेरिकन नागरिकाला. हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही घोळ होतो, आणि तो बहुतेक वेळा मोटार व्हेईकलच्या खिडकीशी होतो. लायसन्स काढताना वा बदलताना मतदार नोंदणीचा प्रश्न तिथेच येतो. ग्रीन कार्डवाल्यांनी तो नीट वाचून ‘नको’ म्हणायचं. घाईत ‘हो’ झालं आणि नंतर नागरिकत्वाच्या मुलाखतीत ते निघालं, तर प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. हसण्यावारी नेऊ नका.

नागरिक झालात की ऑनलाइन नोंदणी करा, कुठल्याही निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंत. नागरिकत्वाच्या शपथविधीलाच बाहेर स्वयंसेवक फॉर्म घेऊन उभे असतात. तिथेच भरला तर उत्तम, पण पोचपावतीचं कार्ड घरी येईपर्यंत निर्धास्त होऊ नका.

आणि ज्यांना मत नाही त्यांनी हिरमुसून बसू नका. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते. एच-वन-बी वर असाल तर देणगी नाही, पण पगार न घेता प्रचाराला मदत करता येते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने मत नसताना एका उमेदवारासाठी दीडशे दारं वाजवली. तिच्या आईला वाटलं पोरगी सेल्समन झाली.

तिकीट कोण देतं?

आता खरी गोष्ट. आपल्याकडे तिकीट कसं मिळतं ते तुम्हाला माहीत आहे: मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या, बंद दाराआडच्या बैठका, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कुणाच्या तरी हातात पडलेला ए-बी फॉर्म. लोकांचा त्यात काडीचा संबंध नसतो. इथे ते तिकीट मतदार देतात. त्या मतदानाला प्रायमरी म्हणतात आणि ते जूनमध्ये होतं. पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा नियम, पण २०२५ मध्ये त्या मंगळवारी ज्यूंचा शावुओत सण आला म्हणून आठवडाभर पुढे ढकलून १० जूनला झालं.

आपली मंडळी नोव्हेंबरला, म्हणजे मुख्य निवडणुकीला, सजूनधजून येतात आणि जूनला फिरकत नाहीत. नोव्हेंबरला मग तक्रार करतात की दोनच नावं आहेत आणि दोन्ही पसंत नाहीत. अहो, जूनमध्ये अकरा होती! तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या लागोपाठ दोन मुदती संपत होत्या, त्यांना पुन्हा उभं राहता येत नव्हतं, म्हणून जागा रिकामी. डेमोक्रॅटिक पक्षात सहा जण उतरले: खासदार मिकी शेरिल, खासदार जॉश गॉटहायमर, न्यूअर्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलप, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. रिपब्लिकनांत पाच: जॅक चिटारेली, रेडिओवाले बिल स्पेडिया, राज्य सिनेटर जॉन ब्रॅमनिक आणि आणखी दोघे. चिटारेलींना मे महिन्यात ट्रम्प यांचा पाठिंबा मिळाला आणि त्यांनी दोन तृतीयांशांहून जास्त मतं घेत एकतर्फी बाजी मारली. डेमोक्रॅटांकडे मात्र शेरिल जिंकल्या त्या सुमारे ३४ टक्क्यांवर. म्हणजे त्यांच्याच पक्षाच्या दर तीन मतदारांपैकी दोघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. न्यू जर्सीत दुसरी फेरी नसते. ज्याची मतं जास्त, तिकीट त्याचं. सहा जणांत मतं फुटतात तेव्हा तुमच्या घरातल्या चार मतांचं वजन नोव्हेंबरपेक्षा जूनमध्ये कितीतरी जास्त असतं.

पक्ष लावायचा म्हणजे काय?

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात.

१० जूनला सकाळी साडेसात-आठची वेळ. शाळेचा जिम, वर बास्केटबॉलची जाळी, खाली आमचं टेबल. साठीचे एक गृहस्थ आले. टॅबलेटवर नाव काढलं आणि आडनाव बघून मी मराठीत म्हटलं, “या काका.” त्यांचा चेहरा खुलला. मग हळूच वाकून म्हणाले, “ताई, मी कुठल्याच पक्षाचा नाही हो. मला मत आहे का, की परत जाऊ?” पत्नी बाहेर गाडीतच बसली होती. ‘आधी विचारून या’ म्हणून तिनेच त्यांना पाठवलं होतं.

आहे. त्यांना मत आहे. न्यू जर्सीत एक तृतीयांशाहून जास्त मतदार असे बिनपक्षाचे नोंदलेले आहेत. प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर येऊन ‘मला डेमोक्रॅटिक मतपत्रिका हवी’ किंवा ‘रिपब्लिकन हवी’ एवढं सांगायचं, सही करायची, आणि मत द्यायचं. दोन्हींपैकी एकच मिळते. त्या क्षणापासून तुमच्या नावापुढे तो पक्ष लागतो.

काका इथेच थबकले. “म्हणजे सभासद झालो? वर्गणी? सभांना जावं लागेल?” काही नाही. ना वर्गणी, ना शपथ. नोव्हेंबरमध्ये तुम्ही दुसऱ्या पक्षाला मत दिलंत तरी कुणाला कळत नाही आणि कुणी विचारतही नाही. नंतर पुन्हा बिनपक्षाचं व्हायचं असेल तर एक साधा फॉर्म भरून पाठवला की झालं. एवढं मात्र खरं की तुमच्या नावापुढचा पक्ष आणि तुम्ही मतदानाला आलात की नाही, ही माहिती सार्वजनिक असते. मत कुणाला दिलं ते नव्हे. प्रचाराची पत्रकं नेमकी तुमच्याच घरी का येतात याचं उत्तर त्या यादीत आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती माझ्याच घरातली. आमच्या यजमानांनी काही वर्षांपूर्वी एका उमेदवारासाठी एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं आणि विसरून गेले. २०२५ मध्ये त्यांना दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं होतं. मे महिन्यात फॉर्म काढून बसले. उशीर झाला होता. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी फॉर्म पोचावा लागतो. २०२५ साठी ती तारीख १६ एप्रिल होती, आमचा टॅक्स भरून झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची. बिनपक्षाच्या माणसाला शेवटच्या दिवसापर्यंत मुभा, पक्षवाल्याला नाही. बायको केंद्रावर बसते आणि नवऱ्याला हे माहीत नाही, म्हणून त्या संध्याकाळी मी बरंच ऐकून घेतलं. बरंच ऐकवलंही.

तेव्हा एप्रिल उजाडला की राज्याच्या निवडणूक विभागाच्या साइटवर जाऊन आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

मतपत्रिका बदलली आहे, जुन्या सवयीने जाऊ नका

तुम्ही २०२१ किंवा त्याआधी प्रायमरीला मत दिलं असेल तर तुम्हाला ‘काउंटी लाइन’ आठवत असेल, नाव माहीत नसलं तरी. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. राज्याच्या २१ पैकी १९ काउंट्यांत पक्षाची स्थानिक कमिटी ज्यांना पाठिंबा देई त्या सगळ्यांची नावं एकाच रांगेत छापली जायची. वरपासून खालपर्यंत एका रेषेत गव्हर्नर, आमदार, काउंटी कमिशनर, सगळे. बाकीचे उमेदवार दूर कोपऱ्यात, काळ्या पाण्यावर पाठवल्यासारखे. माणूस घाईत असतो, तो रांग धरून खुणा करत जातो. तिकीट लोकांनी द्यायचं म्हणता म्हणता, मागच्या दाराने ए-बी फॉर्म परत आलाच होता की!

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या (राज्याच्या नव्हे) सिनेटच्या जागेसाठी उभे असलेले खासदार अँडी किम यांनी याविरुद्ध कोर्टात दावा लावला. समोर होत्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी, ज्यांना अनेक काउंट्यांची लाइन मिळाली होती. त्यांनी मार्चमध्ये माघार घेतली, आणि २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी लाइन बंद केली. वर्षभराने कायदाच बदलला. २०२५ ची प्रायमरी ही लाइनशिवायची गव्हर्नरची पहिली. आता प्रत्येक पदाचा वेगळा चौकोन असतो आणि त्या पदाचे सगळे उमेदवार त्याच चौकोनात एकाखाली एक.

म्हणून काउंटीचे पुढारी रिकामटेकडे झाले असं समजू नका. बर्गनच्या कमिटीने गॉटहायमरांना उचलून धरलं, दक्षिणेत कॅम्डन-ग्लॉस्टरने स्वीनींना, आमच्या मिडलसेक्सने आणि एसेक्सने शेरिलना. पाठिंबा होता, पण तो मतपत्रिकेच्या रचनेतून तुमच्या बोटाला ढकलत नव्हता. स्वीनी सहाव्या क्रमांकावर गेले.

प्रायमरीच्या आधी नमुना मतपत्रिका टपालाने घरी येते. ती पिझ्झाच्या कुपनांबरोबर कचऱ्यात टाकू नका. आमच्या काउंटीत इंग्रजी आणि स्पॅनिशबरोबर गुजरातीतही मतदानाची माहिती मिळते. मराठीत नाही. गुजराती शेजारणीला मी दरवर्षी यावरून टोमणा मारते, तीही दरवर्षी म्हणते, “तुमच्या मंडळात गणपतीला गर्दी, मतदानाला कोण येतं?”

सहा जणांतून एक कसा काढायचा

मी टीव्हीवरच्या जाहिराती बघत नाही. फ्रिजवर एक कागद लावते आणि त्यावर आमच्या घराला बोचणाऱ्या तीनच गोष्टी लिहिते. २०२५ मध्ये होत्या गाडी, लाइट बिल आणि प्रॉपर्टी टॅक्स. प्रॉपर्टी टॅक्सची राज्याची सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेली होती, आणि १ जूनपासून विजेचे दर १७ ते २० टक्क्यांनी चढले, म्हणजे प्रायमरीच्या बरोबर नऊ दिवस आधी. प्रत्येक उमेदवारासमोर एकच प्रश्न विचारायचा: यातलं गव्हर्नरच्या हातात नेमकं काय आहे?

विजेचंच घ्या. आपल्या विजेचा भाव बराचसा पीजेएम नावाच्या तेरा राज्यांच्या जाळ्यात होणाऱ्या लिलावातून ठरतो. राजधानी ट्रेंटनला बसून तो लिलाव कुणाला थांबवता येत नाही. पुढे नोव्हेंबरच्या प्रचारात शेरिल म्हणाल्या, आणीबाणी जाहीर करून दर गोठवीन. चिटारेली म्हणाले, कार्बनच्या ज्या प्रादेशिक करारात आपण आहोत त्यातून बाहेर पडेन. दोघंही एकाच बिलाबद्दल बोलत होते. तुम्हाला कुणाचं पटतं ते तुम्ही ठरवा, पण ‘मी बिल कमी करीन’ एवढ्यावर थांबणारा उमेदवार असेल तर माझ्या कागदावर त्याच्यापुढे फुली.

वादसभा बघा. इथे उमेदवाराने जमवलेल्या पैशावर राज्य आपल्या तिजोरीतून भर घालतं, एका डॉलरला दोन या हिशोबाने, आणि तो पैसा घेणाऱ्याला वादसभेत उभं राहावंच लागतं. २०२५ मध्ये त्यासाठी आधी ५,८०,००० डॉलर जमवायचे होते, आणि एका माणसाकडून जास्तीत जास्त ५,८०० घेता येत होते. हॉटेलात भजी-समोशाचा फंडरेझर ठेवून कुणी तुम्हाला याहून मोठा आकडा सांगू लागला, तर तो चेक कुणाच्या नावाने मागतोय ते आधी वाचा. बाहेरच्या गटांना ही मर्यादा नसते. स्पिलर यांच्यासाठी शिक्षक संघटनेच्या पैशावर चालणाऱ्या गटाने कोट्यवधी डॉलर ओतले, आमच्या घरी तर रोज एक गुळगुळीत पत्रक पडायचं. सहा जणांत ते पाचवे आले.

आपल्या माणसालाही या वाटेचा अनुभव आहे. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले होते, स्वतःचे लाखो डॉलर घालून. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, ठाणेदार सुमारे १८ टक्के मतं घेऊन तिसरे. आज ते डेट्रॉइटकडचे खासदार आहेत. राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्माने नागरिक असावं लागतं, गव्हर्नरला ती अट नाही. न्यू जर्सीत वय तीस, राज्यात सात वर्षं वास्तव्य आणि नागरिकत्वाला वीस वर्षं, एवढं पुरतं. ज्यांनी गेल्या वर्षी शपथ घेतली त्यांनी घाई करू नये.

टपालाचं मत आणि एका जोडप्याची फजिती

टपालाने मत द्यायला इथे कारण लागत नाही. अर्ज करा, मतपत्रिका घरी येते. पण बिनपक्षाचे असाल तर प्रायमरीसाठी आधी पक्ष कळवावा लागतो, नाहीतर ती येणारच नाही. भरून झाली की आतल्या पाकिटाला जोडलेल्या चिटोऱ्यावर सही करायची आणि ते चिटोरं फाडायचं नाही. नीटनेटकी माणसं नेमकी ते फाडून टाकतात. काउंटीच्या पेटीत मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत टाकता येते, पोस्टाने पाठवली तर त्या दिवसापर्यंतचा शिक्का हवा.

एक जोडपं दरवर्षी येतंच. घरी टपालाची मतपत्रिका आलेली असते, ती ड्रॉवरमध्ये पडलेली, आणि दोघं हौसेने केंद्रावर हजर. टॅबलेटवर लगेच दिसतं. मग यंत्रावर मत नाही, कागदी प्रोव्हिजनल मतपत्रिका भरावी लागते आणि टपालाचं मत आलेलं नाही याची खात्री झाल्यावरच ती मोजली जाते. मत जात नाही, पण अर्धा तास जातो आणि मागची रांग माझ्याकडे डोळे वटारून बघते. टपाल निवडलंत तर टपालच. गर्दी टाळायची असेल तर केंद्रावरचं आगाऊ मतदान आहे: २०२५ मध्ये प्रायमरीला सहा दिवस होतं, नोव्हेंबरला नऊ.

अजून एक. उमेदवाराचा टी-शर्ट, टोपी, बिल्ला घालून आत येऊ नका. शंभर फुटांच्या आत प्रचार चालत नाही. एका तरुणाला मी शर्ट उलटा घालून यायला लावलं, बिचारा हसत हसत आला.

नोव्हेंबर

इथे फार सांगण्यासारखं नाही. प्रायमरी झाली की विजेता आपला लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे आपल्या उपमुख्यमंत्र्यासारखा जोडीदार, निवडतो आणि पुढे दोघांना मिळून एकच मत. शेरिल यांनी डेल कॉल्डवेल यांना घेतलं, चिटारेली यांनी मॉरिसचे शेरीफ जिम गॅनन यांना. असेंब्लीच्या, म्हणजे इथल्या विधानसभेच्या, ऐंशी जागाही त्याच दिवशी होत्या, तेव्हा पहिला चौकोन भरून निघून जाऊ नका. ४ नोव्हेंबर २०२५ ला शेरिल सुमारे ५७ टक्के मतं घेऊन जिंकल्या. अंतर नेहमी एवढं नसतं. १९८१ मध्ये टॉम केन अवघ्या १,७९७ मतांनी गव्हर्नर झाले होते, आमच्या मंडळाच्या दोन गणेशोत्सवांची गर्दी फार तर. केंद्रं सकाळी सहा ते रात्री आठ. आठच्या ठोक्याला रांगेत उभे असाल तर कुणी हाकललं तरी हलू नका, तुमचं मत घ्यावंच लागतं.

जूनमधले ते काका नोव्हेंबरलाही आले. या वेळी पत्नी बरोबर होती, पुढे चालत होती. टेबलाशी येऊन त्यांनी विचारलं, “आता कुठल्या पक्षाची मागायची?” म्हटलं, “आता काही मागायचं नाही काका, सगळ्यांची नावं एकाच ठिकाणी आहेत. सही करा.” मत देऊन परत आले आणि म्हणाले, “तो बिनपक्षाचा फॉर्म कुठे मिळेल?” मी साइटचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. काकूंनी चिठ्ठी घेतली, वाचली आणि पर्समध्ये टाकली. “राहू दे,” म्हणाल्या, “जूनमध्ये परत लागेल.”